टाइप करण्याचा शेल आणि स्क्रिप्टचा शेल: बॅश, झी-शेल आणि फिश यांतून निवड कशी करावी

प्रश्नकर्त्याची परिस्थिती थोडक्यात अशी आहे. स्वतःच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, कामाच्या ठिकाणी मॅक आहे आणि दिवसातून अनेकदा एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर जावे लागते. शेल म्हणजे टाइप केलेली कमांड वाचून ती चालवणारा प्रोग्राम. आजवर जिथे जो शेल समोर आला तो त्यांनी वापरला. आता एक शेल नीट शिकून त्यावर हात बसवावा असे त्यांना वाटते. तो बॅश असावा, झी-शेल असावा की फिश, आणि शेल बदलला तर आजवर जमवलेल्या स्क्रिप्ट, म्हणजे कमांड लिहून ठेवलेल्या फाइल, बंद पडतील का, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर आधी सांगतो, कारणे नंतर. या परिस्थितीत मी दोन्ही संगणकांवर झी-शेल ठेवेन, त्याचे कॉन्फिगरेशन स्वतः लिहिलेले आणि लहान ठेवेन, सगळ्या स्क्रिप्ट बॅशमध्ये किंवा साध्या एसएचमध्ये, म्हणजे युनिक्स वळणाच्या यंत्रणांवरच्या मूळ शेलमध्ये, लिहीन आणि सर्व्हरवर जो बॅश आहे त्याला हात लावणार नाही. मात्र परिस्थिती थोडी बदलली तरी हे उत्तर बदलते, म्हणून त्यामागचा विचार समजून घ्यावा. ज्यात आपण रोज टाइप करतो तो शेल आणि ज्यात आपल्या स्क्रिप्ट चालतात तो शेल, हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत. शेल बदलण्याची बहुतेकांना वाटणारी भीती हे दोन निर्णय एकच मानल्यामुळे निर्माण होते. ते वेगळे केले की टाइप करण्याचा शेल कधीही बदलता येतो, आवडला नाही तर परतही येता येते आणि त्यात काही बिघडत नाही.

शेल म्हणजे टर्मिनल नव्हे, एवढे सुरुवातीला स्पष्ट करतो. अक्षरांचा आकार, रंगसंगती, खिडक्या आणि टॅब हे टर्मिनलचे काम आहे. तुम्ही लिहिलेली ओळ वाचणे, तिच्यातील * सारखी चिन्हे आणि व्हेरिएबल उलगडणे, प्रोग्राम शोधून तो सुरू करणे आणि एकाचे आउटपुट दुसऱ्याकडे पाइपने पोहोचवणे हे शेलचे काम आहे. टर्मिनल दिसायला आवडत नाही म्हणून शेल बदलण्यात अर्थ नाही.

आता स्क्रिप्टचा प्रश्न. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत # आणि ! ही दोन चिन्हे आणि त्यापुढे शेलचा पत्ता लिहिलेला असतो. अशी फाइल चालवायला सांगितली की कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, ती दोन चिन्हे पाहतो आणि पुढे दिलेला प्रोग्राम सुरू करून फाइल त्याच्या हवाली करतो. तुम्ही त्या वेळी फिशमध्ये बसला आहात की झी-शेलमध्ये, याचा त्याच्याशी काहीही संबंध नसतो. पहिली ओळ नसेल तर मात्र ती फाइल कोणाकडून चालवून घ्यायची हे तिला बोलावणारा शेल आपल्या पद्धतीने ठरवतो, आणि तिथे फरक पडू शकतो. म्हणून शेल बदलण्याआधी एकच काम करावे: आपल्या सगळ्या स्क्रिप्ट उघडून पहिली ओळ आहे ना, आणि ती खरी आहे ना, हे पाहावे.

‘खरी आहे ना’ असे मुद्दाम म्हटले. कित्येक स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत एसएच लिहिलेले असते, आत मात्र बॅशची भाषा वापरलेली असते. एसएच हे नाव प्रत्येक यंत्रणेवर वेगवेगळ्या प्रोग्रामकडे नेते. उबुंटूने २००६ मध्ये ६.१० या आवृत्तीपासून एसएचच्या जागी डॅश हा शेल बसवला, कारण तो लहान आणि वेगवान आहे आणि यंत्रणा सुरू होताना त्या काळी एसएचच्या पुष्कळ स्क्रिप्ट चालत असत. डेबियनने २०११ मध्ये तेच केले. अल्पाइन लिनक्सवर एसएच म्हणजे बिझीबॉक्समधला छोटा शेल असतो. दुहेरी चौकटी कंसातली अट बॅशला समजते. डॅश त्या कंसांना एखाद्या कमांडचे नाव समजतो आणि अशी कमांड सापडली नाही असे सांगतो. ही चूक शेल बदलण्याच्या आधीपासूनच स्क्रिप्टमध्ये असते. वेगळ्या यंत्रणेवर गेल्यावर ती उघडी पडते, एवढेच. शेलचेक नावाचे तपासणीचे साधन पहिली ओळ वाचून असे दोष ओळीगणिक दाखवते. ते एसएच, बॅश, डॅश आणि कॉर्न शेल यांच्या स्क्रिप्ट तपासते, झी-शेलच्या नाही. इतरांनाही वापरायच्या स्क्रिप्ट झी-शेलमध्ये लिहू नयेत असे मी म्हणतो, त्याला हेही एक ठोस कारण आहे.

एका प्रकारच्या फाइल मात्र टाइप करण्याच्या शेलशी बांधलेल्या असतात: ज्या ‘सोर्स’ कमांडने चालू शेलमध्येच वाचल्या जातात त्या. पायथॉनचे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट सुरू करणारी ‘अ‍ॅक्टिव्हेट’ ही फाइल घ्या. ती वेगळा प्रोग्राम म्हणून चालत नाही, तुमच्याच शेलमधले पाथ (प्रोग्राम शोधायच्या डिरेक्टरींची यादी) वगैरे बदलते, म्हणून ती त्या शेलच्या भाषेतच असावी लागते. यासाठीच त्या डिरेक्टरीत फिश आणि सी-शेल यांच्यासाठी अ‍ॅक्टिव्हेटच्या वेगळ्या फाइल ठेवलेल्या असतात. बॅशसाठीची फाइल झी-शेलमध्ये चालते, फिशमध्ये चालत नाही. तुमच्या कामात अशा सोर्स करायच्या फाइल किती आहेत, हे मोजले की फिशकडे जाणे किती सोपे किंवा अवघड पडेल याचा बराचसा अंदाज येतो.

आता एकेका शेलकडे वळू.

बॅश हा ग्नू प्रकल्पासाठी ब्रायन फॉक्स यांनी लिहिला आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढची अनेक वर्षे चेट रेमी तो सांभाळत आले आहेत. स्टीफन बोर्न यांनी बेल लॅब्जमध्ये लिहिलेला, १९७९ च्या सातव्या युनिक्स आवृत्तीबरोबर आलेला शेल हा त्याचा पूर्वज. बॅशची सर्वांत मोठी जमेची बाजू ही की तो जवळजवळ सगळीकडे आधीच असतो. सर्व्हरवर लॉगिन केल्यावर बहुधा तोच समोर येतो, आणि कुठल्याही तांत्रिक पुस्तकातली किंवा सूचनापत्रातली कमांड त्याला गृहीत धरूनच लिहिलेली असते. बॅश जुनाट आहे अशी तक्रार वारंवार ऐकू येते. तिच्यातला मोठा भाग बॅशच्या मूळ सेटिंगबद्दलचा असतो.

उदाहरण हिस्टरीचे, म्हणजे आधी दिलेल्या कमांडच्या नोंदीचे, घेऊ, कारण रोजच्या वापरात सर्वाधिक वेळ वाचवणारी गोष्ट तीच आहे. बॅश मुळात फक्त शेवटच्या ५०० कमांड लक्षात ठेवतो आणि शेल बंद होतानाच त्या फाइलमध्ये लिहितो. त्यामुळे एका खिडकीत दिलेली कमांड शेजारच्या उघड्या खिडकीत सापडत नाही, आणि संगणक अचानक बंद पडला तर त्या बैठकीतल्या कमांड कायमच्या जातात. यावर उपाय सोपा आहे. ‘हिस्टसाइझ’ हे व्हेरिएबल मोठे करावे, ‘हिस्टअपेंड’ हा पर्याय चालू करावा आणि प्रत्येक प्रॉम्प्टपूर्वी (कमांड टाइप करण्यासाठी शेल दाखवतो त्या खुणेपूर्वी) हिस्टरी फाइलला जोडण्याची आणि फाइलमधल्या नव्या ओळी वाचण्याची कमांड ‘प्रॉम्प्ट-कमांड’ या व्हेरिएबलमध्ये ठेवावी. शिवाय रीडलाइनच्या, म्हणजे बॅशमध्ये ओळ टाइप करण्याचे काम सांभाळणाऱ्या भागाच्या, सेटिंगच्या फाइलमध्ये वरच्या बाणाला ‘आधी लिहिलेल्या अक्षरांनी सुरू होणारी मागची कमांड शोध’ हे काम नेमून द्यावे. मग एसएसएच एवढे लिहून वरचा बाण दाबला की फक्त एसएसएचने सुरू होणाऱ्या जुन्या कमांड एकामागून एक येतात. एवढ्या चार-पाच ओळींनी बॅश इतका बदलतो की अनेकांना दुसऱ्या शेलची गरजच उरत नाही. ज्यांचे बहुतेक काम सर्व्हरवर चालते, त्यांनी हेच करावे आणि बॅशवरच राहावे, असे मी निःसंकोच सांगतो.

मॅकवर मात्र बॅशची अडचण वेगळी आहे. बॅशच्या २००९ मधील ४.० आवृत्तीपासून त्याचा परवाना जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीचा झाला, आणि मॅकबरोबर येणारा बॅश ३.२ वरच थांबला. ३.२ ही २००६ मधली आवृत्ती आहे. शब्दाला मूल्य जोडणारे असोसिएटिव्ह अ‍ॅरे ४.० मध्ये आले, त्यामुळे ते वापरणारी, लिनक्सवर व्यवस्थित चालणारी स्क्रिप्ट मॅकच्या बॅशवर पहिल्याच घोषणेला अडते. मॅकवर नवा बॅश वेगळा बसवता येतो. पण तेवढ्याने भागत नाही. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅशचा ठरलेला पत्ता असेल तर जुनाच बॅश चालतो. त्याऐवजी ‘एन्व्ह’ या कमांडमार्फत बॅश बोलावला तर पाथमध्ये जो आधी सापडेल तो, म्हणजे नवा, चालतो. दोन्ही यंत्रणांवर काम करणाऱ्याने ही सवय लावून घ्यावीच.

मॅकवर बॅश वापरताना आणखी एक गोष्ट त्रास देते. बॅश लॉगिन शेल म्हणून, म्हणजे लॉगिन केल्यावर पहिला उघडणारा शेल म्हणून, सुरू झाला तर एक सेटिंगची फाइल वाचतो आणि तसा नसेल तर दुसरी. लिनक्सवरील बहुतेक टर्मिनल लॉगिन नसलेला शेल उघडतात, मॅकचे टर्मिनल लॉगिन शेल उघडते. परिणामी लिनक्सवरून आणलेले तेच सेटिंग मॅकवर वाचलेच जात नाही आणि वापरणारा आपली ओळ कुठे चुकली ते शोधत बसतो. झी-शेलमध्ये ‘झेडएसएचआरसी’ ही फाइल दोन्ही प्रसंगी वाचली जाते, फक्त शेल टाइप करण्यासाठी उघडलेला असला की झाले. प्रश्नकर्त्यांच्या दोन संगणकांच्या बाबतीत झी-शेलच्या बाजूने माझे मत झुकण्याचे हे एक साधे पण खरे कारण आहे.

झी-शेल १९९० मध्ये पॉल फालस्टॅड यांनी प्रिन्स्टन विद्यापीठात शिकत असताना लिहिला. मॅकने २०१९ मध्ये कॅटालिना आवृत्तीपासून तो डीफॉल्ट केला आणि काली लिनक्सने २०२० मध्ये तोच मार्ग धरला. त्याची भाषा बॅशच्या इतकी जवळची आहे की रोजच्या टाइप करण्यात फरक क्वचितच जाणवतो. लूप, पाइप, व्हेरिएबल सगळे तसेच लिहायचे. जिथे तो पुढे जातो ती जागा म्हणजे टॅब कम्प्लिशन (टॅब दाबून अर्धवट लिहिलेला शब्द पूर्ण करणे) आणि फाइल निवडण्याची चिन्हे. कम्प्लिशन चालू केले की टॅब दाबल्यावर पर्यायांची यादी येते आणि योग्य ओळ सेटिंगमध्ये लिहिली तर बाणांनी तिच्यात फिरून निवड करता येते. फाइल निवडताना * नंतर कंसात एक-दोन अक्षरे लिहून ‘फक्त फाइल, डिरेक्टरी नकोत’, ‘१०० मेगाबाइटपेक्षा मोठ्या’, ‘सर्वांत अलीकडे बदललेली एकच’ अशा अटी घालता येतात. बॅशमध्ये ज्यासाठी फाइंड कमांडची लांब ओळ लिहावी लागते ते काम इथे चार अक्षरांत होते. शेवटी डाउनलोड झालेली फाइल उघडणे किंवा डिस्क भरली असताना मोठ्या फाइल शोधणे यांसाठी मी ही सोय सतत वापरतो.

बॅशमधून येणाऱ्याला झी-शेलमध्ये पहिल्या आठवड्यात जे अडते ते आधीच सांगून ठेवतो. वेबवरून मजकूर आणणाऱ्या कर्लला दिलेल्या पत्त्यात ? असेल, किंवा पायथॉनची पॅकेज बसवणाऱ्या पिपला दिलेल्या पॅकेजच्या नावात चौकटी कंस असतील, तर झी-शेल ‘जुळणारे काही सापडले नाही’ असे सांगून कमांड चालवायलाच नकार देतो. कारण ही चिन्हे शेलसाठी फाइल निवडण्याची चिन्हे आहेत आणि त्यांना जुळणारी एकही फाइल समोर नाही. बॅश अशा वेळी काहीच न बोलता ते चिन्ह जसेच्या तसे पुढे पाठवतो. सोयीचे बॅशचे वागणे वाटते, पण मला झी-शेलचे अधिक योग्य वाटते: बॅशमध्ये एखाद्या दिवशी योगायोगाने जुळणारी फाइल त्या डिरेक्टरीत असली तर तुमच्या पत्त्याच्या जागी त्या फाइलचे नाव जाईल आणि कमांड का चुकली हे कळणारही नाही. उपाय दोन्हीकडे एकच आहे. असा मजकूर अवतरणचिन्हांत लिहावा.

अवतरणचिन्हांचा विषय निघालाच आहे तर या तिन्ही शेलमधला सर्वांत महत्त्वाचा फरक जवळून पाहू. समजा एका व्हेरिएबलमध्ये ‘मार्च अहवाल’ असे, मध्ये एक मोकळी जागा असलेले, फाइलचे नाव आहे आणि ती फाइल पुसायची आहे. तुम्ही फाइल पुसणारी आरएम ही कमांड लिहिली आणि पुढे $ लावून ते व्हेरिएबल अवतरणचिन्हांशिवाय दिले. बॅश त्या मूल्याचे मोकळ्या जागेवर दोन तुकडे करतो आणि आरएमला दोन नावे मिळतात: ‘मार्च’ आणि ‘अहवाल’. ‘मार्च’ नावाची दुसरी फाइल तिथे असेल तर ती जाते, आणि जी पुसायची होती ती तशीच राहते. झी-शेल मूळ सेटिंगमध्ये असे तुकडे करत नाही, फिशही करत नाही. दोघेही आरएमला एकच पूर्ण नाव देतात. टाइप करताना ही मोठी सुरक्षितता आहे. पण तिच्यात एक धोका दडलेला आहे: झी-शेलमध्ये अवतरणचिन्हे न देण्याची सवय लागते, तीच सवय बोटे बॅशच्या स्क्रिप्टमध्ये आणि सर्व्हरवर घेऊन जातात आणि नुकसान तिथे होते. म्हणून झी-शेल वापरणाऱ्यानेही व्हेरिएबल नेहमी दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावे. अ‍ॅरेच्या बाबतीतही असाच फरक आहे. बॅशमध्ये पहिला घटक शून्यावर असतो, झी-शेल आणि फिशमध्ये एकावर.

झी-शेलच्या कॉन्फिगरेशनबद्दल माझे मत ठाम आहे. बहुतेक जण झी-शेल बसवतात आणि लगेच ओह-माय-झी-शेल हा २००९ पासून चालत आलेला तयार संच त्यावर चढवतात. तो संच वाईट नाही आणि पुष्कळांना त्याच्यामुळेच या शेलची गोडी लागली आहे. पण त्यात प्लगइन एकामागून एक वाढत जातात, नवी खिडकी उघडल्यावर प्रॉम्प्ट यायला जाणवण्याइतका वेळ लागू लागतो, आणि काही बिघडले तर ते कोणत्या प्लगइनमुळे हे सांगता येत नाही. दिवसभरात शेकडो वेळा ज्या गोष्टीची वाट पाहायची तिच्यात अर्धा सेकंदही जास्त आहे. तुमच्या शेलला किती वेळ लागतो ते मोजणे सोपे आहे: ‘टाइम’ कमांडने झी-शेल टाइप करण्याच्या रूपात सुरू करून लगेच बंद करायला सांगा आणि आकडा पाहा.

त्याऐवजी पंधरा-वीस ओळींची स्वतःची फाइल लिहावी. तिच्यात काय असावे? सर्वांत आधी हिस्टरी, कारण मूळ झी-शेल खूप थोड्या कमांड लक्षात ठेवतो आणि बंद केल्यावर त्या फाइलमध्ये जपतच नाही. मॅकवर हे चटकन लक्षात येत नाही, कारण मॅक स्वतःचे थोडे सेटिंग आधीच पुरवतो. हिस्टरीची फाइल, तिचा आकार आणि सर्व खिडक्यांनी ती एकत्र वापरावी हा पर्याय, अशा तीन-चार ओळी त्यासाठी पुरतात. मग कम्प्लिशन चालू करणारी ‘कॉम्पइनिट’ची ओळ. मग टाइप करताना # नंतरचा मजकूर टिप्पणी समजावा हा पर्याय, कारण तो नसेल तर टिप्पणीसह पेस्ट केलेल्या कमांड विनाकारण चुकतात. मग गिटची (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाची) शाखा दाखवणारा प्रॉम्प्ट, ज्यासाठी झी-शेलमध्येच सोय आहे. फिशसारख्या करड्या सूचना (त्यांचे वर्णन पुढे येईल) हव्या असतील तर त्यासाठीचे एक प्लगइन वेगळे घ्यावे. प्रत्येक ओळ कशासाठी आहे हे तुम्हाला सांगता आले पाहिजे. सांगता येत नसेल ती ओळ काढावी.

फिशची बाजू वेगळी आहे आणि ती मनापासून मांडतो, कारण तांत्रिक मंडळी अनेकदा त्याला नवशिक्यांचा शेल म्हणून बाजूला सारतात, ते मला पटत नाही. अ‍ॅक्सेल लिलजेनक्रांट्झ यांनी तो २००५ मध्ये आणला. जे झी-शेलमध्ये कॉन्फिगर करून मिळवावे लागते ते फिशमध्ये पहिल्या मिनिटापासून असते. तुम्ही गिट असे लिहू लागता तोच पुढे करड्या अक्षरांत तुमच्या हिस्टरीतली सर्वांत सुसंगत कमांड दिसते. उजवा बाण दाबला की ती पूर्ण स्वीकारली जाते, ऑल्ट धरून दाबला की एकच शब्द पुढे येतो. ज्या जुन्या कमांडमध्ये आता अस्तित्वात नसलेल्या फाइलचे नाव आहे ती सुचवणे फिश टाळतो, ही बारीक गोष्ट आहे पण रोज जाणवते. कमांडचे नाव चुकले असेल तर एंटर दाबण्याआधीच ते लाल दिसते. कम्प्लिशनसाठी तो बसवलेल्या प्रोग्रामांची मॅन्युअल पाने वाचून त्यातून पर्याय काढू शकतो. आणि त्याची ‘अ‍ॅब्रिव्हिएशन’ ही सोय मला एलियसपेक्षा, म्हणजे लांब कमांडला दिलेल्या छोट्या नावापेक्षा, सरस वाटते: दोन अक्षरे लिहून स्पेस दाबली की तिथेच पूर्ण कमांड उमटते, त्यामुळे आपण काय चालवतो आहोत ते डोळ्यांसमोर राहते आणि हिस्टरीतही पूर्ण कमांडच जाते.

किंमत आहे ती भाषेची. फिशने बोर्नच्या वंशातली लेखनपद्धत जाणूनबुजून सोडली. व्हेरिएबलला मूल्य देण्यासाठी ‘सेट’ वापरायचे, लूप ‘एंड’ने संपवायचा, मागच्या कमांडचा निकाल $? ऐवजी ‘स्टेटस’ या व्हेरिएबलमध्ये पाहायचा, आणि अनेक ओळींचा मजकूर कमांडला देण्याची हिअर-डॉक्युमेंट ही पद्धत त्यात नाही. भाषा म्हणून ती बॅशपेक्षा स्वच्छ आहे, यात मला शंका नाही. दोन कमांड जोडणारी && आणि || ही चिन्हे सुरुवातीला चालत नसत; २०१८ च्या ३.० आवृत्तीपासून ती चालू लागली आणि पेस्ट केलेल्या कमांड अडण्याचे प्रमाण त्यानंतर बरेच घटले. २०२५ च्या ४.० आवृत्तीत फिशचा गाभा रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत नव्याने लिहिला गेला. वापरणाऱ्याला भाषेत मोठा बदल दिसत नाही, पण प्रकल्प जिवंत आहे याची ती स्पष्ट खूण आहे.

तेव्हा झी-शेल की फिश, हे कसे ठरवावे? इतरांचे मत विचारण्याआधी स्वतःची हिस्टरी उघडून पाहा. गेल्या काही दिवसांच्या कमांड वाचा आणि किती ओळींत शेलची भाषा आहे ते पाहा: फॉर लूप, $, मूल्य देणे, अटी. किती ओळी केवळ ‘डिरेक्टरी बदल, गिट, एडिटर उघड, एसएसएच कर’ अशा आहेत तेही पाहा. दुसऱ्या प्रकारच्या ओळी सर्व शेलमध्ये अक्षरशः सारख्याच असतात. तुमची हिस्टरी बहुतांश तशीच असेल तर फिशच्या वेगळ्या भाषेची किंमत तुम्हाला जवळपास द्यावीच लागणार नाही आणि फायदे सगळे मिळतील. तुम्ही फिश घ्या. पण तुम्ही टाइप करताना सहज लूप लिहीत असाल, आणि तोच लूप दुपारी सर्व्हरवरच्या बॅशमध्येही लिहावा लागत असेल, तर दिवसातून अनेकदा दोन भाषांमध्ये ये-जा करणे थकवणारे असते. सर्व्हरवर वारंवार जाण्याचा उल्लेख प्रश्नात आहे, म्हणूनच मी झी-शेल सुचवला.

फिश घेतलाच तर तो लॉगिन शेल करू नये, असा माझा सल्ला आहे. यंत्रणेचे पाथ आणि इतर व्हेरिएबल ज्या प्रोफाइल फाइलमधून येतात त्या बोर्नच्या भाषेत असतात आणि फिश त्या वाचत नाही. शिवाय आरसिंक किंवा अ‍ॅन्सिबल यांसारखी साधने एसएसएचवरून पलीकडे कमांड पाठवतात, ती त्या वापरकर्त्याच्या लॉगिन शेलकडे जाते आणि पाठवणाऱ्याने बोर्नची भाषा गृहीत धरलेली असते. लॉगिन शेल बॅश किंवा झी-शेलच राहू द्यावा आणि टर्मिनलच्या सेटिंगमध्ये ‘सुरू होताना ही कमांड चालव’ अशी जी जागा असते तिथे फिश लिहावा. टाइप करायला फिश मिळतो, यंत्रणेला तिचा शेल मिळतो.

बाकीच्या शेलविषयी थोडेच. डॅश स्क्रिप्टसाठी उत्तम आहे, टाइप करण्यासाठी नाही. सी-शेल आणि टीसीएसएच यांनी हिस्टरीसारख्या अनेक सोयी पहिल्यांदा लोकप्रिय केल्या, पण आज नव्याने ते निवडण्याचे कारण दिसत नाही. फ्रीबीएसडीनेही २०२३ च्या १४.० आवृत्तीपासून रूटसाठी, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यासाठी, सी-शेल सोडून एसएच घेतला. कॉर्न शेल ओपनबीएसडीवर डीफॉल्ट म्हणून भेटतो आणि तिथे तो चांगला आहे. ज्यांचे मुख्य काम विंडोजवर आहे त्यांनी पॉवरशेलच शिकावा. तो २००६ मध्ये आला, २०१६ मध्ये मुक्त स्रोत होऊन लिनक्स आणि मॅकवरही पोहोचला, आणि त्याच्या पाइपमधून मजकुराऐवजी वस्तू वाहतात, म्हणजे फाइलचा आकार हा शब्दांतून कापून काढावा लागत नाही, तो आकार म्हणूनच पुढे जातो. हीच कल्पना नूशेलने २०१९ पासून युनिक्सच्या अंगाने मांडली आहे. जेसन किंवा सीएसव्ही फाइल चाळण्यासाठी तो फारच सुखद आहे, मात्र त्याची भाषा आवृत्तीगणिक बदलत आली असल्यामुळे तो मी मुख्य शेल म्हणून सुचवत नाही, गरज पडेल तेव्हा उघडण्याचे साधन म्हणून सुचवतो.

कोणताही शेल घेतला तरी एक सेटिंग पहिल्या दिवशी करावे: मोकळ्या जागेने सुरू होणारी कमांड हिस्टरीत जाऊ नये. फिशमध्ये ते मुळातच आहे. बॅशमध्ये ‘हिस्टकंट्रोल’ या व्हेरिएबलने आणि झी-शेलमध्ये एका पर्यायाने ते चालू होते. पासवर्ड किंवा टोकन कमांडमध्ये लिहू नये हे खरेच, पण लिहावे लागले तर निदान ते फाइलमध्ये साठून राहू नये.

प्रत्यक्ष बदल करताना पुढील क्रम ठेवावा. नवा शेल बसवल्यावर लगेच लॉगिन शेल बदलू नका. काही दिवस जुन्या शेलमधून त्याचे नाव टाइप करून तो सुरू करा आणि त्यातच काम करा. पटला की त्याचा पूर्ण पत्ता मान्य शेलच्या यादीत, म्हणजे ‘इटीसी’ डिरेक्टरीतल्या ‘शेल्स’ या फाइलमध्ये, आहे का ते पाहा आणि मग सीएचएसएच कमांडने बदल करा. बदल केल्यावर जुनी खिडकी उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीत नव्याने लॉगिन करून पाहा, कारण पत्ता चुकला असेल तर लॉगिनच होत नाही आणि दुरुस्तीसाठी ती उघडी खिडकीच उपयोगी पडते. पॅकेज मॅनेजरने बसवलेला शेल लॉगिन शेल केला असेल तर तो पॅकेज काढण्यापूर्वी सीएचएसएचने परत फिरायला विसरू नका. रूट वापरकर्त्याचा शेल कधीही बदलू नका.

आणि एलियस, लहान फंक्शन, पाथमधील भर हे सगळे एका वेगळ्या फाइलमध्ये, बॅश आणि झी-शेल दोघांनाही समजेल अशा साध्या भाषेत लिहा, आणि दोघांच्या सेटिंगमधून ती एकच फाइल सोर्स करा. मग लॅपटॉप, मॅक आणि सर्व्हर यांवर तीच फाइल नेता येते, तुमचे नेहमीचे लघुरूप कुठेही चालते, आणि झी-शेल मनाजोगा वाटला नाही तर बॅशकडे परतताना पुन्हा काही लिहावे लागत नाही.